बाराचा भोंगा

रोझॅनने ओलं फडकं अग्निशमन केंद्रातल्या फळ्यावर फिरवलं आणि 'एल्डन फ्रेरिक्स' हे नाव पुसून टाकलं. चोपन्न वर्षं एकाच जागी गिरवलेला खडू एकदा पुसून थोडाच जाणार? दोनदा घासावं लागलं.

नावाचा मालक मागेच उभा होता, काखेत हेल्मेट धरून.

"मेलोय का मी?"

"मरू नये म्हणूनच पुसतेय, बाबा. मे महिन्यात आगीवर पाण्याचा पाइप ओढताना आडवे झालात. डॉक्टर काय म्हणाले ते मीही ऐकलंय."

"तो ओमाहा शहरातला डॉक्टर. त्याला केसलरचं काय कळतंय?"

"ब्याऐंशी वर्षं म्हणजे ओमाहातही ब्याऐंशीच. कोट ठेवा आणि घरी जा."

एल्डनने कोट खुंटीला लावला नाही, बाकावर फेकला. दारातून वळून म्हणाला, "मग बोलव तुझ्या बाकीच्या शूरवीरांना."

बाकीचे! रोझॅनला हसावं की रडावं कळेना. केसलर गावच्या अग्निशमन दलाच्या पटावर एकोणीस नावं होती. दलाच्या पॅनकेक नाश्त्याला एकोणीसच्या एकोणीस जण दलाचा शर्ट घालून बायकापोरांसह हजर असत. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत बंबावर पुढे कोणी बसायचं यावरून भांडणं होत. आग लागली की मात्र यायचे गॅरेजवाला ड्वेन, चर्चचे पाद्री कर्ट, रोझॅन आणि तिचा म्हातारा बाप. इतरांची कापणी निघे, पाठ धरे, लेकीचा व्हॉलीबॉलचा सामना असे. पेजर सगळ्यांना दिले होते, पण त्यातले सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये गेले होते. रोझॅन सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवायची आणि मधल्या वेळात दलाची प्रमुख असायची, तीही बिनपगारी. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि करपल्या म्हणून बोलणीही खायची.

अकराला टिल्मन आला. गावोगावच्या अग्निशमन दलांना एक ते दहा असा दर्जा देणं हे त्याचं काम. एक म्हणजे उत्तम. दहा म्हणजे दल आहे हेच विमा कंपन्या मानत नाहीत, आणि मग लोकांच्या घरांचा विमा एक तर परवडत नाही नाहीतर मिळतच नाही. केसलरचा दर्जा सहा होता. तो टिकवायला रोझॅनने अकरा वर्षं जिवाचं रान केलं होतं.

टिल्मनने बंब पाहिला, पाइप मोजले, पंप चालवून पाहिला आणि खूश झाला. मग आगींची नोंदवही उघडली आणि त्याची पेन्सिल थांबली.

"चीफ, इमारतीच्या आगीला किमान चार माणसं लागतात. तुमच्याकडे जेमतेम चारच येतात. चौथी सही दर वेळी ई. फ्रेरिक्स."

"माझे वडील."

"फळ्यावर त्यांचं नाव दिसत नाही."

"आज सकाळी पुसलं."

टिल्मनने चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. "माझ्या फॉर्ममध्ये वयाची अट नाही. पटावर नाव हवं आणि माणूस आगीपाशी हवा, बस. मी बाहेर जाऊन रस्त्यावरचे पाण्याचे हायड्रंट बघून येतो. फळा मी अजून नीट पाहिलेला नाही असं समजा."

तो बाहेर गेला. रोझॅनने खडू उचलला. फळ्यासमोर ती किती वेळ उभी होती कोण जाणे. 'ए' लिहिला आणि तेवढ्यात भोंगा झाला.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा बावन्न झाले होते.

केसलरमध्ये हा भोंगा रोज बाराला होतो. दुपारच्या जेवणाचा. साठ वर्षांची रीत. भोंगा झाला की कणसांच्या शेतातली यंत्रं थांबतात, शिक्षिका पुस्तक मिटतात, डोनाच्या कॅफेत वाट्या भरल्या जातात. आगीचा भोंगाही तोच. त्यामुळे बाराच्या आसपास ज्याच्या घराला आग लागेल त्याचं नशीब फुटकं. आज ते व्हेरा होल्ट्झबाईचं होतं. गवत कापायच्या यंत्राने पेट घेतला होता, त्याच्याबरोबर शेडने, आणि शेडपासून घर दहा पावलांवर.

ड्वेन आला. पाद्री कर्ट आले. रोझॅनने बंब बाहेर काढला, आणखी एक मिनिट थांबून रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि एक कचकचीत शिवी हासडली. पाद्र्यांनी ती ऐकली नाही असं दाखवलं.

शेड हातची गेली होती. ड्वेन पंपावर, कर्ट आणि रोझॅन पाइपवर. पाण्याने भरलेला पाइप दोघांना वळवत नव्हता आणि ज्वाळा घराच्या पत्र्यापाशी पोचत होत्या. अचानक पाइप हलका झाला. रोझॅनने मागे पाहिलं. एल्डन चिखलात पाय रोवून पाइप खांद्यावर घेऊन उभा होता. कोट नाही, हेल्मेट नाही. नुसता चौकड्यांचा शर्ट.

"बाबा, सोडा तो! सोडा म्हणते ना!"

"तू पुढे बघ!"

घर वाचलं. रोझॅन मागे धावली तेव्हा एल्डन बंबाच्या पायरीवर बसला होता. चेहरा राखेसारखा. कर्टनी दिलेला पाण्याचा पेला त्याने दोन्ही हातांत धरला होता, तरी पाणी सांडत होतं. तिने पाहिलं तसं त्याने पेला मांड्यांमध्ये दाबून धरला.

टिल्मन आपल्या गाडीने मागोमाग आला होता. वही हातात होती.

"चीफ," तो हळू आवाजात म्हणाला, "किती लिहू? तीन की चार?"

एल्डनने मान वर केली. "चार लिही. डोळे फुटलेत का तुझे?"

रोझॅनच्या डोळ्यांसमोर अकरा वर्षं होती, गावातली सगळी घरं होती, आणि तो पेला.

"तीन," ती म्हणाली. "तो माणूस दलात नाही."

एल्डनने मान खाली घातली. मग शर्टाचं ओलं बटण चाळवत बसला.

"मग तीनच लिहावे लागतील मला," टिल्मन म्हणाला. "सहा महिन्यांची मुदत देतो. तेवढ्यात माणसं दाखवा, नाहीतर दर्जा दहा. मी पुन्हा येईन."

रोझॅन तशीच काजळलेल्या तोंडाने डोनाच्या कॅफेत शिरली. दलातले सहा जण तिथे राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल हाणत होते.

"भोंगा झाला होता."

"झाला ना," खतवाला लायल म्हणाला. "म्हणून तर आलो जेवायला."

"अकरा बावन्नला?"

"आम्हाला वाटलं, तुझं घड्याळ पुढे गेलं असेल."

रोझॅनने त्याच्या पुढ्यातला रोल उचलला, एक घास खाल्ला, उरलेला चिलीत बुडवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाराला भोंगा झाला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाराला भोंगा आपोआप वाजवणारी तार तिने काढून टाकली होती. दर्जा दहावर जायची वेळ आली याबद्दल गावात कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, पण भोंग्यासाठी मात्र तिच्या फोनला उसंत नव्हती. ओव्हनमधला केक करपला, आजोबांची गोळी चुकली, कुत्रा दाराशी बसून भुंकतोय. महापौर स्वतः येऊन म्हणाले, "रोझॅन, रीत आहे गं ती आपली."

"आता हा भोंगा फक्त आगीचा," ती म्हणाली. "भूक लागली की घड्याळ बघा."

एल्डन आला नाही. तो तिच्याशी बोलतच नव्हता. रोज बाराला ती त्याला फोन करून "जेवा" म्हणायची. तो "हं" म्हणून ठेवून द्यायचा.

नवव्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी भोंगा झाला.

कॅफेचं दार धाडकन उघडलं. लायल गळ्यातला रुमाल न काढताच धावत सुटला होता. त्याच्या मागे दोघं, मग आणखी एक. ड्वेन आणि कर्ट तर आधीच कोट चढवत होते. जवळच्या शेतातून कोणाचा तरी पिकअप धूळ उडवत येत होता. धान्याच्या कोठाराचा वरचा मजला धुरात होता. लायलने पहिल्यांदाच बंबाचं मागचं हँडल धरलं आणि "हे कुठे ओढायचं?" म्हणून विचारलं. रोझॅनने कपाळाला हात लावला, पण सांगितलं.

बंब चौकात पोचला तेव्हा कडेला एल्डनचा पिकअप उभा होता. इंजिन चालू, काच खाली. तो बंबामागून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मोजत होता तो.

शेवटची गाडी गेली. केसलरमध्ये रस्त्यात कोणीही दिसलं की करतात तसं त्याने रामरामादाखल स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. रोझॅनने आरशात पाहिलं. त्याने पिकअप वळवला आणि तो घराच्या रस्त्याला लागला.