मेल्या, परत येईन मी!

लिंडा हार्परला इरीदे पास्कुचीनं कधी समोरासमोर पाहिलं नव्हतं, पण तिच्या ओठांची खडान्‌खडा माहिती तिला होती. त्या काळी रोममध्ये भुताखेतांचे सिनेमे कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत. चित्रीकरणात आवाज घेतो कोण? नटी नुसतं तोंड हलवी; मग इरीदेसारखी एखादी बाई अंधाऱ्या खोलीत बसून त्या तोंडात शब्द घाली. त्यामुळे संवाद पाठ करायची कटकट कोणालाच नको असे. बहुतेक नट्या सरळ आकडे म्हणत. प्रेम करतानाही आकडे आणि मरतानाही आकडेच!

लिंडाही पहिल्या दोन सिनेमांत आकडेच म्हणाली होती. तिसऱ्यात तिच्या मरणाचा प्रसंग आला आणि इरीदे चमकली. हे आकडे नव्हते. तिनं तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायला लावला. काय पुटपुटतेय ही बया?

"जाऊ दे, इरीदे," दिग्दर्शक सिस्ती वैतागला. "'माझ्या रक्ताचा सूड उगवीन' हे तिच्या ओठांत बसतच नाही. चेहरा कापून टाकतो. पाठमोरी मरू दे तिला."

"उद्यापर्यंत थांब. आणि त्या पोरीला पाठव माझ्याकडे."

लिंडा आली. लिंडा सिनेमापुरती, खरी झेलिंदा, कोमाक्किओच्या खाजणातल्या वाम मासे पकडणाऱ्यांच्या घरची.

"चुकलं माझं, सिन्योरा."

"चूक मरो! म्हणत काय होतीस, ते सांग. डोकं खाल्लंयस माझं."

झेलिंदा लाजली. तिची आई ठार बहिरी, पण ओठ वाचायची. लेक सिनेमात गेली तेव्हा तिनं लेकीला घराचं दार बंद केलं होतं.

"पण पहिला सिनेमा बघून आली ती. मावशीकडून निरोप धाडला, 'हातात सुरी घेऊन ही आकडे का मोजते? वाण्याचं दुकान टाकलंय का रोममध्ये?'"

इरीदे खो खो हसली.

"हसू नका हो! सगळं गाव तुमचा आवाज ऐकतं, सिन्योरा. ती एकटीच मला ऐकते. म्हणून तिलाच विचारलं, 'मम्मा, परत येऊ मी?' आता तो चेहराच कापला, तर..."

दुसऱ्यांचे शब्द झाकण्यावर इरीदेचं पोट चालत होतं. हेही तिला झाकायचंच होतं, पण पुसायचं नव्हतं. ती आरशापुढं बसून ओठ हलवत राहिली.

"'मेल्या, परत येईन मी!'" दुसऱ्या दिवशी तिनं सिस्तीला ऐकवलं. "बघ, बसतंय."

"भूत होऊन! वा!" सिस्तीनं मांडीवर थाप मारली. चेहरा राहिला.

पुढच्या सिनेमाला पडद्यावर भलतीच पोरगी आली. इरीदेनं विचारलं, "लिंडा कुठाय?"

"गेली गावाला, कायमची! तीन सिनेमांत हौस फिटली. खुळचट गाव ते. भूत 'मेल्या, परत येईन मी' म्हणून किंचाळलं, सगळं थेटर गारठलं, आणि एक बहिरी म्हातारी उठून पडद्यावरच ओरडली, 'विचारतेस काय, गधडे! ये की!' भुताला घरी बोलावतात, बोल!"

सिस्ती हसत सुटला. इरीदेही हसली. मग डोळे असे भरून आले, की नव्या नटीचे ओठ तिला दिसेनात.