परसातली कणसं

शिवरात्र झाली की निंगव्वा परसातल्या तारेला नव्या शाळूची कणसं बांधायची, आणि दिवस वर यायच्या आत त्यांवर चिमण्यांची झुंबड उडायची. यंदा निंगव्वा नव्हती. मार्गशीर्षात गेली. जाताना नवऱ्याला, प्रभुलिंगला, एवढंच म्हणाली होती, "माझ्या चिमण्यांना उपाशी ठेवू नका."

अक्कलकोटहून मेव्हण्यानं कणसं पाठवली, तशी प्रभुलिंगनं ती त्याच तारेला, त्याच जागी बांधली. खाली वाडग्यात पाणी ठेवलं. आठ दिवस झाले तरी एकही चिमणी फिरकली नाही. तो दाराआड बसून वाट बघे. तिनं एवढं एक काम सांगितलं होतं, तेही आपल्याच्यानं झालं नाही, असं त्याच्या मनानं घेतलं.

नवव्या दिवशी तो कणसं सोडायला लागला. शेजारच्या पार्वतम्मानं भिंतीवरून ते पाहिलं आणि ती लगबगीनं आत आली. प्रभुलिंगला कमी ऐकू येई; भवानी पेठेत चाळीस वर्षं यंत्रमागावर काढल्यावर कुणाचे कान धड राहतात? ती कानाशी येऊन म्हणाली, "अण्णा, चिमण्या नुसती कणसं बघून न्हाय यायच्या. निंगव्वा हितं भाकऱ्या थापायची, तो आवाज ऐकून यायच्या. पहिली चिमूट पीठ त्यांनाच टाकायची की. आता तुमच्या मेसच्या डब्याचं झाकण ऐकून कोण येतंय?"

प्रभुलिंगनं सोडलेली कणसं पुन्हा तारेला बांधली. सुट्टीच्या दिवशी त्यानं चिमण्या पाहिल्या होत्या. त्यांना बोलावणारी थाप मात्र त्याच्या कानापर्यंत कधी आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं परसातली चूल पेटवली, परात घेतली, चिमूटभर पीठ समोर टाकलं. पहिली भाकरी हातातच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना मोडली. पार्वतम्मा पलीकडून म्हणाली की असल्या भाकऱ्या चिमण्यासुद्धा खायच्या नाहीत. तो हसला आणि थापत राहिला. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी परातीजवळ एक चिमणी उतरली. पीठ टिपलं, मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं आणि भुर्रकन तारेवर गेली. मग आणखी दोन आल्या.

त्याला चिवचिव ऐकू येत नव्हती. पण कणसं हलत होती, दाणे खाली पडत होते. तव्यावरची भाकरी करपत होती, तरी प्रभुलिंग पुढची थापतच राहिला.