घरचं उदाहरण

संजीवनीने ठेचलेला लसूण फोडणीत टाकला, हात पदराला पुसले आणि आवाज खाली आणून मुलीला विचारलं,

"मी आज दूध उतू गेलं म्हणते. तू काय सांगशील?"

कुणाली ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. "मांजरीला लाथ मारली म्हणू?"

"नको गो, लाथ जास्त होते. रागाने हाकललं म्हण. एवढं पुरतं."

वाशिंदच्या त्या दोन खोल्यांच्या घरात रोज संध्याकाळी दोन बेत ठरत. भाजी कुठली करायची हा एक, आणि चूक कुठली सांगायची हा दुसरा. जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना असे. सतरंजीवर बसून प्रत्येकाने दिवसभरातली आपली चूक, आपलं ओझं मोकळेपणाने सांगायचं, असा रविंद्रचा नियम होता. नियमात वाईट काहीच नव्हतं. वाईट होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

रविंद्र कारखान्यात फिटर होता. पण शहापूर, सापगाव, मुरबाडकडच्या ख्रिस्ती विश्वासी मंडळींत त्याची ओळख वेगळीच होती. रोज सकाळी कामावर निघण्याआधी तो गॅलरीत मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला बसे, शास्त्रातलं एक वचन वाची, चार शब्द त्याचा अर्थ सांगे, आणि मग घसा साफ करून म्हणे, "आता घरचं एक उदाहरण सांगतो." 'सकाळची शिदोरी' नावाच्या त्या ग्रुपवर तीनेकशे माणसं याच वाक्यासाठी कान टवकारून बसलेली असत. वचन काय, कुठेही मिळालं असतं. संजीवनीची करपलेली डाळ मात्र फक्त रविंद्रकडेच मिळायची.

त्यामुळे तिला स्वतःचं म्हणून काही उरलं नव्हतं. मुरबाडच्या एसटी स्टँडवर एक अनोळखी बाई तिचा हात धरून म्हणाली होती, "सिस्टर, गुडघा कसाय आता? आमी प्रार्थनेत ठेवलाय." संजीवनीने हसून मान डोलावली होती. बसमध्ये चढेपर्यंत तिचे कान तापलेले होते.

पहिल्या पहिल्यांदा ती खरं सांगायची. कुणालीनंतरचं तिचं बाळ पोटातच गेलं, त्याच वर्षी धाकट्या जावेला मुलगा झाला. एका संध्याकाळी प्रार्थनेत संजीवनी म्हणाली, त्या बाळाकडे बघितलं की माझ्या मनात वाईट येतं. रविंद्र तिच्यासोबत रडला. तेव्हा मोबाइलवरचा ग्रुप नव्हता, पण रविवारची संगती, म्हणजे सगळ्यांची एकत्र प्रार्थना, होती, आणि साक्ष देताना त्याने तिथेही रडत रडत ते सांगितलं. जाऊ समोरच, दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने पुन्हा कधी ते बाळ संजीवनीच्या मांडीवर दिलं नाही. मुलगा आता मिसरूड फुटण्याइतका मोठा झालाय, अजूनही तो काकूपासून हातभर लांबच बसतो.

तेव्हापासून संजीवनी चुका घरच्या घरी तयार करायला शिकली. बेताच्या, पचतील अशा, कुणाच्या ताटात सांडणार नाहीत अशा. कुणाली शाळेत जायला लागली तशी तिलाही ही कला आली. आणि रविंद्रच्या उदाहरणांची कीर्ती वाढत गेली.

पण या सोमवारी कुणाली सासरहून, मुरबाडहून, चार दिवस म्हणून आली, ती मोठी बॅग घेऊन. दुपारी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती म्हणाली, "आई, मला परत नाय जायचं. मितेश दुकानात जाताना मला खोलीत कोंडून जातो. सासूबाई घरात असतात, पण त्या उघडत नायत. म्हणतात, नवऱ्याचा जीव आहे तुझ्यावर."

लग्नाला वर्ष झालं होतं. हे लग्न म्हणजे प्रार्थनेला मिळालेलं उत्तर, असं रविंद्रने लागोपाठ तीन सकाळी सांगितलं होतं.

"पपांना सांगूया," संजीवनी म्हणाली.

कुणाली ताडकन उठून बसली. "पपांना सांगितलं की ते सकाळी मुरबाडला पोचतं, एसटीच्या आधी! सासूबाई चहा पिताना मोठ्याने लावतात पपांचं. मग संगतीची वडीलधारी येणार, मला मधे बसवणार, समेटाची प्रार्थना करणार, आणि बॅग भरून माझी रवानगी. मला थोडे दिवस दे. कोणी प्रार्थना न करता मला विचार करू दे."

पोरीचं म्हणणं खरं होतं. मितेश रविवारी न्यायला येणार होता. त्याला सोयीचं कारण सांगून थोपवायचं, तोवर घरातलं घरातच राखायचं, असं दोघींनी ठरवलं. ज्या घराला भिंतीच नव्हत्या, तिथे हे ठरवणं सोपं होतं, राखणं कठीण.

सतरंजी अंथरली गेली. रविंद्र हातपाय धुऊन बसला. त्याच्या उजव्या हाताशी शास्त्र आणि शास्त्राशेजारी मोबाइल, ही त्याची नेहमीची मांडणी. संजीवनीने दूध उतू गेल्याचं सांगितलं. आपण नको तिथे मन घालतो आणि हातातलं सांडतं, असंही जोडलं. रविंद्रने समाधानाने मान हलवली.

"कुणाली, बेटा, तू?"

"मी आज मांजरीला..." कुणाली म्हणाली, आणि तिथेच अडकली. तिने ओठ दाबून धरले, तरी हुंदका फुटलाच. खांदे हलायला लागले.

रविंद्र पुढे झुकला. त्याचे डोळे ओले झाले, चेहरा मऊ झाला. हे झुकणं संजीवनीच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यात प्रेम असायचं, अगदी खरं प्रेम, आणि त्याच प्रेमात उद्याच्या सकाळचं उदाहरण तयार होत असायचं. माणूस लबाड असता तर तिने केव्हाच भांडून मोकळं केलं असतं.

"बोल बेटा. काय ओझंय ते टाक."

"दूध उतू गेलंच नाय," संजीवनी म्हणाली.

रविंद्रने तिच्याकडे पाहिलं. "काय?"

"दूध उतू गेलं नाय. परवा डाळ करपली नव्हती. शिवणाच्या बाईवर मी ओरडले नव्हते. सगळं आमी आत ओट्याशी ठरवतो आणि तुमाला येऊन सांगतो."

ती बोलून गेली आणि तिला कळलं की आता मागे फिरणं नाही. इतक्या वर्षांचा आडोसा तिने एका वाक्यात पाडला होता. हे उद्या सकाळी जाईल, तीनशे घरांत जाईल, विहीणबाई चहा पिता पिता पोट धरून हसतील. हसू देत. आठवडाभर माझ्यावर हसत बसतील आणि पोरीकडे कुणाचं लक्ष जाणार नाही, एवढाच तिचा हिशेब होता.

"किती वर्षं?" रविंद्रने विचारलं.

"कुणाली शाळेत होती तेव्हापासून."

"ती शेजारच्या भागीरथीबाईची गोष्ट? पाण्यावरून भांडलीस, मग पाय धरून माफी मागितलीस... लोक रडले होते ती ऐकून."

"भागीरथीबाई त्या महिन्यात गावी गेलेल्या."

एरवी कुणालीला हसू आलं असतं. रविंद्र सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत राहिला. मोठ्या माणसाचा असा पडलेला चेहरा बघवत नाही.

"का पण?"

"तुमाला सांगितलं की ते आमचं राहत नाय," संजीवनी म्हणाली. "जावेच्या बाळाचं सांगितलं होतं मी तुमाला. नवरा म्हणून सांगितलं होतं."

त्याने कुणालीकडे बोट केलं. "आणि हिचं? हे रडणंही ठरवलेलंच?"

"हिचं खरंय. म्हणूनच सांगता येत नाय."

रविंद्र उठला. मोबाइल उचलून आतल्या खोलीत गेला, कपाट उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. परत येऊन तो सतरंजीवर बसला आणि दोन्ही हात त्याने मांडीवर ठेवले. त्या हातांचं काय करावं हे त्याला सुचत नसावं.

कुणालीने सांगितलं. दुपारी आईला सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. शेवटी मात्र थोडं थांबून तिने एक वाक्य जास्तीचं सांगितलं.

"पपा, कडी तुमी बसवलेली."

संजीवनीला आधी कळलंच नाही. मग नाताळात मुरबाडला, कुणालीच्या सासरी, दिलेली भेट आठवली. माकडं खोलीत शिरतात, बाहेरून एक चांगली कडी हवी, असं मितेश म्हणाला होता. रविंद्रने हौसेने शहापूरहून जाड लोखंडी कडी आणली, चार स्क्रू पिळून पिळून बसवले, बाहेरून ओढून ओढून बघितली. दुसऱ्या दिवशीचं मनन त्या कडीवरच होतं. देव आपल्या लेकरांना असंच भक्कम राखतो. ग्रुपवर कधी नव्हे इतके अंगठे आले होते त्याला.

"ते तुमचं मी कडीच्या आतूनच ऐकलं," कुणाली म्हणाली. "सासूबाईंनी मोठ्याने लावलं होतं."

त्या रात्री प्रार्थना कुणी संपवली नाही. ताटं घेतली गेली, कुणी फारसं जेवलं नाही.

सकाळी रविंद्र नेहमीसारखा गॅलरीत बसला. संजीवनी ओट्याशी कणीक मळत होती, कान बाहेर होते. वाचन क्रमाने चाललेलं, त्यामुळे आज आलं ते दिव्याचं. दिवा लावून कुणी तो मापाखाली झाकून ठेवत नाही, घरातल्या सगळ्यांना उजेड मिळावा म्हणून दिवठणीवर ठेवतो. रविंद्रने ते वाचलं, अर्थ सांगितला, घसा साफ केला. संजीवनीचे हात परातीत थांबले.

गॅलरीतून काहीच ऐकू येईना. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. मग रविंद्रचा आवाज आला, "चला, प्रार्थना करूया," आणि तेवढ्यावर त्याने आटोपलं.

संजीवनीने पदराने डोळे पुसले, पीठ गालाला लागलं. लग्नानंतर पहिल्यांदा या माणसाने तिची एक गोष्ट पोटात ठेवली होती. तिला इतकं हलकं वाटलं की चहात साखर दोनदा पडली.

ते हलकेपण चहा उकळेपर्यंतही टिकलं नाही. मोबाइल वाजायला लागला. सापगावच्या सकुबाईंनी विचारलं, "ब्रदर, आज घरचं काय नाय सांगितलं? सगळं बरंय ना?" शहापूरहून एकाने विचारलं, "घरात काय अडचण? प्रार्थनेची गरज असेल तर सांगा." ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येऊ लागली. इतकी वर्षं ज्या घराची खिडकी रोज उघडी दिसली, ती एक दिवस लागलेली दिसताच सगळा गाव दाराशी गोळा झाला होता.

मग मुरबाडहून फोन आला. रविंद्रने नाव वाचलं, दोघींकडे पाहिलं आणि स्पीकर लावला. विहीणबाईंचा, चंद्रकलाबाईंचा, आवाज खोलीभर झाला.

"प्रभूची स्तुती असो, भाऊ! काय हो, आज उदाहरण नाय दिलंत? माझ्या मनात लगेच आलं, कुणालीचं काय झालं का? काय बोलली का ती तिकडं?"

कुणालीने आईचं मनगट घट्ट धरलं. रविंद्रने तोंड उघडलं. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती. त्याने बाहीने कपाळ पुसलं. तो काय बोलेल याचा संजीवनीला काहीच अंदाज येईना. डोळे मिटून तिने पहिल्यांदाच मनापासून, कुणाला न ऐकवता, प्रार्थना केली.

"नाय हो, विहीणबाई," रविंद्र म्हणाला. "हिचा गुडघा धरलाय परत. काल रात्रभर कण्हत होती, मग सकाळी मला काय सुचलंच नाय. कुणाली आहे म्हणून बरं चाललंय. मितेशरावांना सांगा, या रविवारी नका येऊ. हिला चालता येईपर्यंत राहू दे पोरीला."

"अरे देवा! मग उद्या सांगा की शिदोरीत. सगळे प्रार्थना करतील."

"सांगतो ना. उद्या सांगतो."

"आणि भाऊ, आमची एक सिस्टर राहते वाशिंदला, तुमच्याच आळीत. तिला पाठवते बघायला."

फोन ठेवून रविंद्र हळूहळू ओट्याशी आला. एरवी तो इथे कधी येत नसे. हा कोपरा माय-लेकींचा होता. संजीवनी आणि कुणाली सरकल्या, त्याला उभं राहायला जागा झाली.

"कुठला?" त्याने हळूच विचारलं.

"काय कुठला?"

"गुडघा. उजवा सांगू का डावा?"

संजीवनीने विचार केला. जिना उतरताना उजवा लागतो, पाण्याची कळशीही त्याच बाजूला असते. आता किती दिवस काढायचे होते, कोण जाणे.

"डावा सांगा," ती म्हणाली आणि त्याचा गॅलरीत राहिलेला चहाचा कप आणायला वळली. कप घेऊन ती परत येताना रविंद्रने पाहिलं, तर ती डाव्या पायाने लंगडत होती.