मोठ्या आवाजाची पवनचक्की

तिने पात्याला बोटाने ढकललं आणि कान जवळ नेला. तिन्ही पाती गरगर फिरली, पण आवाज म्हणावा तर झोपेत कुणी कूस बदलल्याइतकासुद्धा नाही.

"आहे की नाही शांत?" दुकानदार खुशीत म्हणाला. पूर्वी तो छताचे पंखे दुरुस्त करायचा, आता घरगुती पवनचक्क्या विकायचा. लोक तेव्हाही त्याला पंखेवाला म्हणत आणि आताही तेच म्हणत. "वर काही फिरतंय हे घरातल्या माणसाला कळतसुद्धा नाही."

"मग नको," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त आवाज कुठली करते?"

गिऱ्हाइकं पवनचक्की किती वर्षं टिकेल विचारत, वादळात पडेल का विचारत. हा प्रश्न पंखेवाल्याला आजवर कुणी विचारला नव्हता. त्याने कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पाच पात्यांकडे हात केला.

"ती. पण ती मी कुणाला देत नाही. वारा वाढला की किंचाळते. मागच्या गिऱ्हाइकाने आठ दिवसांत आणून टाकली."

"हीच द्या."

"काकू, त्यापेक्षा सोलर घ्या की. छप्पर मोठं आहे तुमचं, ऊनही भरपूर."

"सोलर गप्प बसतं," ती म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून उभी राहिली.

पंखेवाल्याने पुढे काही विचारलं नाही. तिने शिवलेला ब्लाउज अंगावर जितका नेमका बसे, तितकीच ती बोलायलाही नेमकी आहे, हे त्याची बायको त्याला नेहमी सांगायची. पंचवीस वर्षं ती शिवणकाम करत होती. गेलं वर्षभर मात्र पायमशीनवर, तेही दिवसाउजेडी, कारण तिच्या घरात वीज नव्हती.

वीज नव्हती ती थोरल्या दिरामुळे. दोन भावांची दोन घरं, मध्ये वीस पावलांचं अंगण. सासऱ्यांच्या वेळेपासून मीटर थोरल्याच्या भिंतीवर होतं आणि तिथून एक तार धाकट्याच्या घरी यायची. मागच्या टेकाडाचा तुकडा धाकट्याने लिहून द्यायला नकार दिला, तेव्हा थोरल्याने ती तार काढून टाकली. त्या वेळी तिचा नवरा श्वासाच्या यंत्रावर होता, आणि यंत्र विजेवर होतं. त्याने तिच्याकडे एकच मागणं मागितलं होतं, की जे काय व्हायचं ते माझ्या पलंगावर होऊ दे. शेवटी त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे दोन अनोळखी माणसांच्या मधल्या खाटेवर, नर्स ज्याला नऊ नंबर म्हणायची असा तो एकोणिसाव्या दिवशी गेला.

नवी जोडणी घ्यायची तर खांब थोरल्याच्या अंगणातून यायला हवा, आणि थोरल्याची सही मिळत नव्हती. ही बाई कंटाळेल, घर आणि टेकाड आपल्या हवाली करून माहेरची वाट धरेल, असा त्याचा हिशोब सरळ होता. पण तो तिला ओळखत नव्हता. अंधाराची तिला सवय झाली. सवय झाली नाही ती थोरल्याच्या झोपेची. दुपारी जेवून तो आडवा झाला की त्याचं घोरणं अंगण ओलांडून तिच्या मशीनपर्यंत यायचं. आपला माणूस एकोणीस दिवस एकेका श्वासासाठी तडफडला आणि हा असा घोरतो, या विचाराने तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या माणसाला झोप लागता कामा नये. एवढी एकच गोष्ट तिला आता जगाकडून हवी होती.

दोन दिवसांनी पंखेवाला लांबलचक बांबू घेऊन आला. बांबूच्या टोकाला तांबडी फीत बांधलेली होती. आधी तो टेकाडावर चढला. तिथे त्याने बांबू उभा धरताच फीत ताठ सरळ झाली आणि तशीच राहिली. मग तिने त्याला खाली बोलावलं आणि स्वतःच्या हद्दीच्या अगदी कडेला, थोरल्याच्या निजायच्या खोलीच्या खिडकीसमोर उभं केलं. इथे फीत एकदा या अंगाला गेली, एकदा त्या अंगाला, मग बांबूला गुंडाळून लोंबत राहिली.

"बघितलंत?" पंखेवाला म्हणाला. "दोन घरांच्या मध्ये वारा फुटतो. पाती कधी हे तोंड करतील, कधी ते. खडखडाट होईल, वादळात किंचाळेलही, पण बॅटरी काही भरायची नाही. एखादा दिवा मिणमिणला तर नशीब समजा."

"आणि वर?"

"वर काय, राज्य आहे. दिवे, पंखा, तुमच्या मशीनला मोटर. पण वर कितीही बोंबलली तरी खाली ऐकू येणार नाही."

तिने खिडकीकडे पाहिलं, मग टेकाडाकडे. हातातल्या शर्टाची कॉलर उलटून बसवायची होती. उभ्या उभ्या तिने सुईत दोरा ओवायला घेतला. तिसऱ्या खेपेलाही दोरा नेढ्याच्या बाजूने गेला, तेव्हा तिने सुई कॉलरमध्ये खोचून ठेवली.

"इथेच खणा," ती म्हणाली.

"आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, तसं होईल हे."

"होऊ दे. खणा."

पंखेवाल्याने पहार उचलली. खड्डा गुडघ्याएवढा झाला असेल, तोच समोरचं दार उघडलं आणि तिची मोठी जाऊ बाहेर आली. वर्षभरात तिने हे अंगण ओलांडलं नव्हतं. आज ती सरळ खड्ड्यापाशी येऊन उभी राहिली.

"हे बाहेर गेलेत," जाऊ म्हणाली. "काय बसवतेस?"

"पवनचक्की."

"आवाज करते?"

"किंचाळते." हा शब्द उच्चारताना तिला बरं वाटलं. "वारा सुटला की भाऊजींच्या डोळ्याला डोळा लागणार नाही."

जाऊने खड्ड्यात डोकावून पाहिलं.

"ह्यांनी कानाला यंत्र घेतलंय," ती म्हणाली. "सहा महिने झाले. झोपताना काढून डबीत ठेवतात. मग उशाशी भांडं पडलं तरी पत्ता लागत नाही. जागी राहीन ती मीच."

इतक्या महिन्यांचा बेत असा एका वाक्यात मातीला मिळाला. मग तिचा राग समोर उभ्या असलेल्या माणसावर वळला.

"मग राहा जाग्या. तार काढली तेव्हा तुम्हीही त्याच घरात होतात, जाऊबाई."

"होते ना. हे स्टुलावर चढले होते आणि स्टूल मी धरलं होतं. पडतील म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं."

पंखेवाल्याने पहार बाजूला ठेवली आणि खड्ड्यातली माती उगाचच हाताने उपसायला लागला.

"आत धाकट्यांचं यंत्र चालू आहे हे मला ठाऊक होतं," जाऊ म्हणाली. "मी काही बोलले नाही. तू मला काय म्हणायचं ते म्हण, मी ऐकून घेईन. पण हे इथे लावू नकोस."

"का? तुमची झोप मोडेल म्हणून?"

"माझी मोडलेलीच आहे." जाऊ आता हळू बोलत होती. "रोज तिन्हीसांजेला हे त्या खिडकीत उभे राहतात. तुझ्याकडे अंधार दिसला की म्हणतात, आज ना उद्या जाईल. मग जेवायला बसतात. दिवस संपताना तेवढं बघितलं नाही तर ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. वर्षभर मी तेच बघत ताट वाढतेय."

धाकटीने वळून स्वतःच्या घराकडे पाहिलं. चार खिडक्या होत्या आणि चारही इकडे तोंड करून होत्या. रोज संध्याकाळी आपण त्यांच्यामागे कंदील खाली ठेवून बसतो, तेव्हा समोर कुणी जेवणाआधी ते पाहून घेतं, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"वर लाव," जाऊ म्हणाली. "कानातलं काढून डबीत ठेवता येतं. डोळे नाही ठेवता येत."

वर टेकाडावर गवत एका दिशेला लवलेलं होतं आणि तसंच लवलेलं राहत होतं. तिने खोचलेली सुई कॉलरमधून काढली, पुन्हा तिथेच खोचली, आणि पंखेवाल्याकडे वळली.

"वर लावली तर किती दिवे लागतील?"

"किती हवेत?"

"चारही खिडक्यांत एकेक. दारावर एक, आणि अंगणात मोठा. रात्रभर."

पंखेवाल्याने हात झटकले. "मग ही पाच पात्यांची पुरायची नाही. त्या दिवशीची तीन पात्यांची घ्यावी लागेल. पण ती आवाज करत नाही, आधीच सांगतो."

"चालेल," ती म्हणाली. "हा खड्डा बुजवून टाका."

जाऊ परत निघाली होती. तिला थांब म्हणावं, असं हिच्या मनात आलं नाही. माफ करावं असंही आलं नाही. आपल्या दारात पोचल्यावर जाऊ थांबली आणि हात पदराला पुसत मागे न बघता बोलली.

"त्या खिडकीचे पडदे आज मी धुवायला काढलेत. परत लावायचं काही माझ्या लक्षात राहील असं वाटत नाही."