दिवसा कडी नको

सुतार संध्याकाळी येणार होता. बाहेरच्या दाराला अगदी वर, बाबांच्या सहज नजरेला पडणार नाही अशी कडी बसवायची होती. लेकीने सकाळी चहा देतानाच त्यांना हे सांगून टाकलं. लपवाछपवी तिला जमत नसे.

"म्हणजे मला कोंडणार," बाबा म्हणाले.

"केस कापायला म्हणून गेलात आणि दुपार टळली तरी तुमचा पत्ता नाही. माझा जीव टांगणीला लागला होता."

"मी हरवलो नव्हतो."

ते खरंही होतं आणि नव्हतंही. सलून मागच्या गल्लीत. बाबा मात्र मोठ्या रस्त्याला लागले, प्रत्येक स्टॉपवर थांबले आणि परतायला पार शेवटच्या चौकापर्यंत गेले, कारण बस मध्येच वळवता येत नाही. नोकरीभर त्यांनी बसच चालवली होती. सलून राहून गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, तेही आपण विसरलो, असं सांगून ते स्वतःच हसत.

"आज बाईंबरोबर जा," लेक म्हणाली. "धड जाऊन आलात तर कडीचं बघू."

बाई म्हणजे नवी मदतनीस. सकाळी येई, लेक कामावरून परतली की जाई. आज लेकीला सुट्टी होती, तरी बाई आली होती. तिच्यावर बाबांचा राग नव्हता. तिच्या हातांच्या घाईवर होता.

"चला काका, आपण शर्ट घालूया हं."

"आपण? एका शर्टात दोघं कसे मावणार?"

बाई खळखळून हसली, पण बटणं तिनेच लावली. बाबांना बटणं लावता येत होती. वेळ लागायचा, एवढंच.

फाटकाबाहेर तिने त्यांचं कोपर धरलं. बाबा जागीच थांबले.

"हात सोडा."

"आणि पडलात म्हणजे? ताई मला फाडून खातील."

"चालत्या गाडीत ड्रायव्हरचा हात कुणी धरतं का?"

"मग मी काय करू? घरी जाऊन झोपू?"

"मागे राहा. कंडक्टर मागे असतो. थांबायचं तर एक घंटी, निघायचं तर दोन."

"घंटी कुठून आणू?"

"तोंड आहे की."

बाईने इकडेतिकडे पाहिलं. "टण टण," ती पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

"टण टण!" समोरच्या दुकानदाराने मान वर केली. बाबा निघाले.

पहिल्या वळणावर आडव्या रस्त्याने एक स्कूटर आली. मागून "टण" झालं, बाबा थांबले, स्कूटर गेली, पुन्हा निघाले. कोपऱ्यावर मात्र ते आपणहून उभे राहिले. डावीकडे गल्ली होती, समोर मोठा रस्ता. दोन्ही ओळखीचे. आपण कशासाठी निघालो, तेच डोक्यातून गेलं होतं.

अशा वेळी घरातलं कुणी तरी लगेच दंडाला धरून त्यांना वळवत असे. काम होऊन जाई. पण काय अडलं होतं, हे विचारायचं राहून जाई, आणि मग बाबा दिवसभर गप्प असत.

आज कुणी धरलं नाही. बाईचा हात त्यांच्या कोपरापर्यंत येऊन मागे गेला.

"बाई," मागे न बघता बाबा म्हणाले, "आज कुठे चाललोय आपण?"

"केस कापायला. डावीकडे." मग आठवण होऊन ती म्हणाली, "टण टण."

परतले तेव्हा लेक दारातच होती. "चुकले का हो कुठे?" तिने बाबांच्या डोक्यावरून बाईला विचारलं.

"त्यांनाच विचारा. मी मागे होते."

"कोपऱ्यावर अडलो," बाबा म्हणाले. "कशाला निघालो तेच आठवेना. विचारलं. हिने सांगितलं."

एरवी ते "काही झालं नाही" म्हणून आत निघून जात. लेक आता त्यांच्याकडे वळली.

"आणि उद्या विचारायचंही सुचलं नाही तर?"

"येईल तोही दिवस. तेव्हा हिला हात धरू दे. मी आताच सांगून ठेवतो. पण आज नको."

संध्याकाळी सुतार आला. कडी कुठे बसवायची, त्याने विचारलं. लेकीने बाबांकडे पाहिलं.

"बसव," बाबा म्हणाले. "रात्री लावायची. रात्री मी उठून फिरतो, तेव्हा माझा मलाच भरवसा नसतो. दिवसा नको."

"दिवसा नाही लावणार," लेक म्हणाली.

सुताराने स्टुलावर चढून पेन्सिलने खूण केली. बाबा दाराशी गेले आणि टाचा उंचावून त्यांनी त्या खुणेवर बोट टेकवलं.

"पोचतो रे माझा हात," ते म्हणाले. "अजून वर घे."