दक्षिणेकडे पाय

मोठी माणसं लेकरांसमोर वाटेल ते बोलतात आणि लेकरांना कानच नसतात असं धरून चालतात. वडील गेले त्या वर्षी दिवाळीला थोरले काका, हैबतराव, भुसावळहून कोळवणला आले होते. नोकरी रेल्वेत, पोटी मूलबाळ नाही. ओसरीवर बसून ते आईला म्हणाले, "रत्ना, दोन लेकरं एकटीनं कशी वाढवशील? एक आमच्याकडं दे." कुठलं, ते बोलले नाहीत. मलाही ते विचारायची गरज वाटली नाही. मुलगी मागायला एवढ्या लांबून कोण येतं? माझ्या धाकट्या भावाला, वाल्मीकलाच नेणार, हे मी ठरवून टाकलं.

म्हणून माघात आम्ही भुसावळला निघालो, तेव्हा धाकट्याचा हात मी सोडलाच नाही. पौडपर्यंत चालत, तिथून एसटीने पुणं, आणि रात्रीची गाडी. तिसऱ्या वर्गात झोपायच्या फळ्या तेव्हा नव्यानेच आल्या होत्या. काकांनी तशी जागा धरून दिली होती. आमच्याकडे घोंगडी एकच. ती आईने फळीवर अंथरली आणि तशीच थांबली.

"अवं, दक्षिण कुटं हाय?" तिने समोरच्या टोपीवाल्या गृहस्थांना विचारलं.

दक्षिणेकडे पाय करून फक्त मेलेल्या माणसाला निजवतात. वडिलांना तसं निजवलेलं आम्ही तिघांनी पाहिलं होतं. कोळवणात ही पंचाईत नव्हती. तिकोना गडाकडे पाय केले की झालं. गाडीत गड कुठून आणायचा?

गृहस्थांनी खिडकीकडे बोट दाखवलं. आईने आमची डोकी खिडकीकडे केली. वाल्मीक लगेच झोपला. मी त्याचं मनगट धरून जागी राहिले. परतताना ही फळी आम्हा दोघींना किती मोठी होईल, हेच मनात येत होतं आणि रडू आवरत नव्हतं. डबाभर माणसं घोरत होती, पण हे जिला सांगावं अशी एकच होती, आणि ती आमच्या पायाशी बसून बाहेरच्या काळोखाकडे बघत होती.

दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावलं आणि गाडी आल्या बाजूलाच चालायला लागली. आई धडपडत उठली. झोपलेल्या वाल्मीकला तिने उचलून फिरवलं, मग मला दंडाला धरून फिरवलं.

"आये, आता काय?"

"गाडी उलटी फिरली न्हवं! पाय दक्षिणेला गेलं आसतील."

टोपीवाले वैतागले. "बाई, इंजिन फिरलंय, दिशा नाही फिरली. झोपू द्या की पोरांना!"

आई ओशाळली. तिने आम्हाला पुन्हा होतं तसं केलं. त्यांना परत विचारायची सोय आता राहिली नव्हती. गाडी वळायला लागली तशी तिने आमचे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले आणि उजाडेपर्यंत तशीच बसून राहिली. मांडीवरचे पाय कुठल्याच दिशेला नसतात, असं तिने आपल्यापुरतं ठरवलं असावं.

भुसावळला तुळजाकाकी दारातच उभी होती. तिने माझ्या मापाचं परकर-पोलकं आणून ठेवलं होतं. पाहुणचार समजून मी ते घातलंही, आणि पुन्हा वाल्मीकचा हात धरून बसले. कुणी त्याला हाक मारली की मीही उठायची.

भर दुपारी आईने घोंगडी काढली. "जाऊबाई, हितं दक्षिण कुटं हाय?"

काकीने चुलीमागच्या भिंतीकडे हात केला. आईने कोपऱ्यात घोंगडी अंथरली आणि तिच्या सुरकुत्या काढत बसली.

"आये, आत्ता कुणाला निजायचंय?"

"तुला. रातचं म्हनते मी." ती माझ्याकडे बघत नव्हती. "ह्या भितीकडं डोकं करायचं. इसरू नको."

मला कळायला वेळ लागला. "आन् वाल्या?"

"त्यो शेताला लागंल. घर त्याच्यावर हाय. तू हितं साळंत जाशील."

सुचलं तेवढंच मी विचारलं, "घोंगडी हितं ठेवलीस, मग त्यो गाडीत कशावर निजंल?"

"त्याला मांडीवर घेते की," आई म्हणाली.

मी वाल्मीकचा हात सोडला.