मालू नव्हती ते दोन दिवस

कळव्याच्या बाजारात मालू आणि मी लग्न होऊन आल्यापासून शेजारीशेजारी बसून मासळी विकतो. माझे साठ रुपये झाले आणि तिचे ऐंशी, की माझं डोकं फिरायचं. मग घरी माझ्या नवऱ्याची, दामाजीची, खैर नसायची. त्यात गेल्या दिवाळीला तिने रंगीत टीव्ही घेतला.

सोमवारी मालू आलीच नाही. तिचं सगळं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं. दुपारच्या आत पाटी रिकामी आणि कनवटीला दीडशे रुपये!

दामाजी खूश झाला, तर मी त्याच्यावरच खेकसले.

"अगं, आता काय झालं?"

काय झालं ते मला तरी कुठे कळत होतं? एवढे पैसे कधी मिळाले नव्हते, तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मंगळवारीही तसंच. संध्याकाळी मी तणतणत मालूच्या घरी गेले. ती तापाने फणफणली होती. तब्येत विचारायचं राहिलंच.

"उद्या येतेस की नाही?" मी ओरडले.

"का गं? धंदा नाही झाला?"

"मला काय ठाऊक! तूच नाहीस, तर झाला की नाही ते कुणाकडे बघून ठरवू?"

"किती मिळाले?" तिने क्षीण आवाजात विचारलं.

"दीडशे. कालही तेवढेच."

मालू गोधडी फेकून ताडकन उठून बसली. "माझी पाटी कुठाय?"

दोन दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.